पाल चुकचुकली, पण किती मुलांच्या बाबतीत? एका गाजलेल्या पेपरची उलटतपासणी

मागच्या महिन्यात माझ्या प्रपोजलच्या मसुद्यात मॅडमनी एका वाक्याखाली रेघ मारली आणि शेजारी पेन्सिलने एवढंच लिहिलं, "कशाचं ऑड्स?" वाक्य असं होतं: 'हा आजार नेहमीपेक्षा वेगळा आहे असं पालकांना वाटलं, तर मूल गंभीर आजारी असण्याची शक्यता ३६ पट वाढते.' मला ते वाक्य फार आवडलं होतं. एका प्रेझेंटेशनच्या स्लाइडवरून उचललं होतं, खाली मूळ पेपरचं नाव होतं, आणि मूळ पेपर मी उघडला नव्हता. हो, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला असूनसुद्धा.

उघडला. आकडा बरोबर होता, ३६.३. वाक्य मात्र साफ चूक. कसं ते पुढे सांगते, कारण त्या चुकीपर्यंत पोचायला आधी बाकीचा पेपर नीट वाचावा लागतो. आणि हा पेपर नीट वाचण्यासारखा आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तर कागद-पेन घेऊनच वाचावा, कारण त्यातला सगळ्यात गाजलेला आकडा तुम्ही स्वतः दोन मिनिटांत काढू शकता.

पेपर २०१२ चा, 'बीएमजे'मधला. लेखक ॲन व्हॅन डेन ब्रुएल, मॅथ्यू थॉम्पसन, फ्रँक बुंटिंक्स आणि डेव्हिड मँट. विषय: लहान मुलांमधले गंभीर संसर्ग ओळखताना डॉक्टरांच्या 'गट फीलिंग'ला काही किंमत आहे का. देवनागरीत 'गट फीलिंग' लिहिलं की कुठल्या तरी पक्षातल्या गटबाजीची आठवण होते, त्यामुळे मी आपलं साधं मराठी वापरते: मनात पाल चुकचुकणं. अर्थ तंतोतंत तोच. कारण सांगता येत नाही, पण काहीतरी बरोबर नाहीये असं वाटतं.

प्रश्न महत्त्वाचा का आहे, तेही थोडक्यात. कॅज्युअल्टीत ताप घेऊन येणाऱ्या बहुतेक मुलांना साधा विषाणूचा ताप असतो. त्यातल्या मोजक्यांना न्यूमोनिया, मेंदूज्वर किंवा सेप्सिस असतो, आणि पहिल्या काही तासांत दोन्ही प्रकारची मुलं बऱ्यापैकी सारखीच दिसतात. बाळ बोलत नाही. ताप आहे म्हणून नाडी वाढलेली, रडतंय म्हणून श्वास वाढलेला. मोठ्या माणसाला "छातीत दुखतंय का" विचारता येतं, आठ महिन्यांच्या बाळाला काय विचारणार? म्हणून मुलांच्या तातडीच्या तपासणीत 'दिसतं कसं' याला मोठी जागा आहे. 'पीडियाट्रिक असेसमेंट ट्रँगल' नावाची पद्धत तर दारातूनच, हात न लावता, अर्ध्या मिनिटात तीन गोष्टी बघायला सांगते: मूल एकूण कसं दिसतंय आणि प्रतिसाद कसा देतंय, श्वास घ्यायला किती कष्ट पडताहेत, आणि त्वचेचा रंग कसा आहे. पण 'कसं दिसतंय' हे शेवटी कोणाच्या तरी डोळ्यांनीच ठरतं. ते डोळे किती भरवशाचे, हा या पेपरचा प्रश्न.

आता माझा कल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही तो वजा करू शकाल. तीन वर्षांपूर्वी, माझा भाचा सात महिन्यांचा असताना, ताई त्याला रात्री अकराला एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत घेऊन गेली. मी सोबत होते. ताई सारखी सांगत होती, "डॉक्टर, हा आजारी पडला की किरकिर करतो. आज किरकिरच करत नाहीये." केसपेपरवर उतरलं ते असं: ताप दोन दिवस, खोकला, अंगावर पितोय. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. फक्त ताईचं वाक्य त्यात नव्हतं, कारण त्याला रकानाच नव्हता. तापाचं औषध घेऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला ॲडमिट करावं लागलं, न्यूमोनिया, चार दिवस ऑक्सिजन. आता तो ठणठणीत आहे आणि माझ्या लॅपटॉपची बटणं उपटतो. या एका गोष्टीने काहीही सिद्ध होत नाही. त्या रात्री त्याच बाकावर अशाच काळजीत बसलेल्या आणखी चार आया होत्या, त्यांची मुलं बहुधा दोन दिवसांत बरी झाली असतील, आणि त्यांची गोष्ट कोणी ब्लॉगवर लिहीत नाही. पण मला हा पेपर आवडणार हे आधीच ठरलेलं होतं, आणि आवडणारा पेपर दुप्पट संशयाने वाचावा लागतो, एवढंच.

तर पेपर. जागा बेल्जियममधला फ्लँडर्स प्रदेश, प्राथमिक उपचारांचे दवाखाने. लागोपाठ आलेली शून्य ते सोळा वर्षांची ३८९० मुलं-मुली. प्रत्येकाबद्दल डॉक्टरांनी दोन वेगळ्या गोष्टी नोंदवल्या. एक, विचारलेली माहिती, निरीक्षण आणि तपासणी यांवरून आजार गंभीर वाटतो का. दोन, कारण सांगता येत नसलं तरी काहीतरी बिघडलंय असं आतून वाटतं का. पुढे कोणत्या मुलांना गंभीर संसर्गासाठी हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं ते पाहिलं.

इथे जरा थांबा. हे दोन प्रश्न वेगळे ठेवणं हीच या अभ्यासाची खरी हुशारी आहे. नुसतं 'डॉक्टरांना वाटलं की मूल आजारी आहे आणि ते निघालंही आजारी' यात नवीन काय? डॉक्टर तेवढ्यासाठीच तर शिकलेले असतात. लेखक विचारतात ते यापेक्षा अवघड: तपासणी म्हणते 'विशेष काही नाही' आणि तरीही पाल चुकचुकते, अशा वेळी कोणाचं ऐकावं? म्हणजे तुलना आहे ती एकाच डॉक्टरच्या डोक्यातल्या दोन आवाजांची. संशोधनाचा प्रश्न कसा घासून बारीक करायचा, याचं उदाहरण म्हणून मी हा पेपर ज्युनिअर्सना देते.

३८९० पैकी ३३६९ मुलांचा आजार तपासणीवरून 'गंभीर नाही' असा ठरला होता. त्यातली सहा मुलं पुढे गंभीर संसर्गासाठी ॲडमिट झाली. सहा. ०.२ टक्के. या सहांपैकी दोघांच्या बाबतीत डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली होती. उरलेल्या ३३६३ मुलांपैकी ४४ जणांच्या बाबतीत ती उगाच चुकचुकली.

आता कागद-पेन. आजारी निघालेल्यांत शंका होती ६ पैकी २, म्हणजे ३३ टक्के. आजारी न निघालेल्यांत शंका होती ३३६३ पैकी ४४, म्हणजे १.३ टक्के. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर येतं २५.५. हाच तो प्रसिद्ध लाइकलीहूड रेशो. याचा अर्थ, गंभीर आजारी मुलाच्या बाबतीत अशी शंका येण्याचं प्रमाण हे आजारी नसलेल्या मुलाच्या तुलनेत पंचवीस पट. एखाद्या लक्षणाचा लाइकलीहूड रेशो दहाच्या वर गेला की आपण त्याला जोरदार पुरावा म्हणतो. २५ म्हणजे चैनच.

पण मग अंशस्थानी काय आहे ते बघा. दोन मुलं. समजा त्या दोन डॉक्टरांपैकी एक जण त्या दिवशी घाईत होता आणि त्याला काही जाणवलं नाही. मग ६ पैकी १, आणि आकडा होतो १२.७. समजा उरलेल्या चौघांपैकी एकाच्या डॉक्टरला जरा खटकलं असतं, तर ६ पैकी ३, आणि आकडा ३८. एका डॉक्टरच्या एका सकाळच्या मूडवर आकडा १३ पासून ३८ पर्यंत झोके घेतोय. लेखकांनी हे लपवलेलं नाही, कॉन्फिडन्स इंटरव्हल ७.९ ते ८२ असा स्वच्छ दिलेला आहे. लपवतो आपण. स्लाइडवर २५.५ येतं, इंटरव्हल येत नाही. दशांशचिन्हानंतरचा तो पाच बघून तर मला हसूच येतं. दोन मुलांवरून काढलेल्या आकड्याला दशांशस्थळ म्हणजे सुतळीने मोजून सोनाराचा काटा दाखवणं.

याच जातीचा दुसरा आकडा: शंकेकडे लक्ष दिलं असतं तर हुकलेल्या सहांपैकी दोन मुलं वेळेवर सापडू शकली असती, म्हणजे ३३ टक्के, आणि इंटरव्हल ४ टक्के ते १०० टक्के. चार ते शंभर! हे वाचून सरळ म्हणावं की किती मुलं वाचतील ते या अभ्यासातून कळत नाही. संख्याशास्त्रवाल्यांसाठी एक गंमत: ६ पैकी २ चा नेहमीचा एक्झॅक्ट बायनॉमियल इंटरव्हल काढून बघा, तो साधारण ४ ते ७८ येतो. पॉयसाँ धरून काढलात की वरची बाजू शंभरच्या पुढे जाते, आणि पेपरमधल्या आकड्याशी हेच जुळतं. गुणोत्तर एकपेक्षा जास्त होऊ शकत नाही हे माहीत असताना पॉयसाँ कशाला, असा प्रश्न व्हायव्हात विचारला गेला तर उत्तर तयार ठेवा. निष्कर्ष त्याने बदलत नाही, पण आपण आकडे तपासून वाचतो हे कळतं.

दुसरी बाजूही मोजली पाहिजे. शंका आलेली मुलं एकूण ४६, त्यातली आजारी २. म्हणजे पाल चुकचुकल्यानंतरसुद्धा शंभरातली जवळजवळ ९६ मुलं गंभीर आजारी नव्हती. आणि शंका न आलेल्या ३३२३ मुलांमध्ये चार आजारी होती. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तोच सगळ्यात कमी सांगितला जातो. सहापैकी चौघांच्या वेळी डॉक्टरांच्या मनात काहीही आलं नाही. 'मला काही गडबड वाटत नाही' हे वाक्य या आकडेवारीत जवळपास काहीच सांगत नाही; उलट बाजूचा लाइकलीहूड रेशो काढलात तर ०.६८ येतो, एकच्या इतका जवळ की त्याच्या जोरावर कोणाला घरी पाठवावं असं वाटू नये. म्हणजे शंका आली तर थांबा, पण शंका आली नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. हे दोन वेगळे दावे आहेत आणि पेपर फक्त पहिल्याला आधार देतो.

आता जरा खोलातली अडचण. इथे 'गंभीर' ठरण्याची अट आहे हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होणं. आणि ॲडमिट होण्याच्या वाटेवर कोण उभं आहे? तेच डॉक्टर, ज्यांच्या मनात पाल चुकचुकते. कल्पना करा, दोन मुलांना अगदी सारखाच मध्यम स्वरूपाचा न्यूमोनिया आहे. एकाच्या डॉक्टरला खटकलं, त्याने हॉस्पिटलला चिठ्ठी दिली, तिथे एक्स-रे झाला, मुलाला ठेवून घेतलं. नोंद झाली: गंभीर संसर्ग, आणि शंका होती. दुसऱ्याच्या डॉक्टरला काही वाटलं नाही, त्याने तोंडाने घ्यायचं अँटिबायोटिक दिलं, मूल घरीच बरं झालं. नोंद: गंभीर नाही, शंका नव्हती. दोन्ही नोंदी शंकेच्या बाजूने जमा! आजार सारखा, पण मोजमापाने शंकेला हुशार ठरवलं. मोजायच्या गोष्टीने स्वतःच निकालाला हात लावला की हे होतं. एरवी मोठ्या अभ्यासात हा दोष थोडाफार खपून जातो. पण इथे त्या दोनांपैकी एकच मूल अशा वाटेने मोजलं गेलं असेल, तर ते पलीकडच्या रकान्यात टाकून हिशेब करा: ५ पैकी १ आणि ३३६४ पैकी ४५. आकडा सुमारे १५ वर येतो. तरीही चांगलाच आहे, हे मान्य. पण २५.५ नाही.

मग पाल चुकचुकते कशामुळे? पेपरचा उरलेला अर्धा भाग यावर आहे आणि माझ्या मते तोच जास्त टिकाऊ आहे. डॉक्टरांच्या शंकेशी सगळ्यात घट्ट जोडलेल्या गोष्टी निघाल्या त्या अशा: मुलाचा एकूण प्रतिसाद, म्हणजे गुंगीत असणं, न हसणं, श्वास बरोबर नसणं, वजन घटणं, आणि झटके येणं. बघा, यात गूढ काही नाही. प्रतिसाद आणि श्वास, म्हणजे त्या त्रिकोणाच्या दोन बाजूच झाल्या. १९८२ मध्ये मॅकार्थी आणि सहकाऱ्यांनी जी येल निरीक्षण मोजपट्टी दिली, तिच्यातही बाळाच्या रडण्याचा दर्जा आणि बोलल्यावर-हसवल्यावर ते कसं प्रतिसाद देतं, हे आहेच. म्हणजे ज्याला आपण अंतर्ज्ञान म्हणतो ते बहुतांशी बघितलेलंच असतं, फक्त डॉक्टरने त्याला शब्द दिलेला नसतो. पेपरच्या शीर्षकावरून 'बघा, विज्ञानानेही सिक्स्थ सेन्स मान्य केला' असं जे पसरवलं जातं, त्याला पेपरमध्येच उत्तर आहे.

आणि आता तो ३६.३. डॉक्टरांच्या शंकेशी जोडलेल्या सगळ्या परिस्थितींत सर्वांत जोरदार ठरली ती पालकांची ही भावना, की हा आजार आमच्या आधीच्या अनुभवापेक्षा वेगळा आहे. ऑड्स रेशो ३६.३, इंटरव्हल १२.३ ते १०७. पण हे ऑड्स मूल आजारी असण्याचं नाहीच. हे ऑड्स आहे डॉक्टरच्या मनात पाल चुकचुकण्याचं. त्या तक्त्यात निकालाच्या जागी आजार नाही, डॉक्टरची शंका आहे. आई म्हणाली 'वेगळं आहे', तर डॉक्टरला खटकण्याची शक्यता वाढते, इतकंच तो आकडा सांगतो. मॅडमची पेन्सिल नेमकी तिथे होती. तक्ता वाचताना आधी डावीकडची यादी वाचायची आपल्याला सवय असते. वर शीर्षकात निकाल काय आहे ते शेवटी, किंवा कधीच नाही.

बाणाची दिशाही तितकी सरळ नाही. आईने सांगितलं म्हणून डॉक्टर अस्वस्थ झाला असेल. पण डॉक्टर आधीच अस्वस्थ होता म्हणून त्याने आईला दोन प्रश्न जास्त विचारले, आणि मग तिचं म्हणणं त्याच्या कागदावर आलं, असंही होऊ शकतं. निवांत असलेल्या डॉक्टरसमोर तीच आई तेच वाक्य बोलली असेल आणि ते हवेत विरलं असेल. माझ्या भाच्याच्या केसपेपरवर ताईचं वाक्य नाही, म्हणजे उद्या कोणी त्या केसपेपरवरून संशोधन केलं तर त्यात 'पालकांची काळजी: नाही' अशी नोंद होईल.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, पण 'लॅन्सेट'मध्ये २०१० चा मोठा रिव्ह्यू आहे ना, ३० अभ्यासांचा, त्यात पालकांच्या काळजीला थेट गंभीर संसर्गासाठी १४.४ आणि डॉक्टरांच्या अंदाजाला २३.५ लाइकलीहूड रेशो दिलाय? आहे. मीही तो बीएमजेच्या पेपरशेजारी ठेवून लिहिलं होतं, 'अनेक अभ्यासांनी दाखवलं आहे की'. पण त्या रिव्ह्यूचा सारांश नीट वाचा. तिथे स्पष्ट म्हटलंय की हे दोन आकडे प्राथमिक उपचारांतल्या एकाच अभ्यासातले आहेत. तो अभ्यास कुठला? फ्लँडर्समधला, याच गटाचा. रिव्ह्यूची पहिली लेखिकाही व्हॅन डेन ब्रुएलच. यात काही गैर नाही, ज्याने काम केलंय त्याचंच नाव सगळीकडे येणार. पण तुम्ही दोन संदर्भ शेजारीशेजारी दिलेत की वाचणाऱ्याला दोन साक्षीदार दिसतात. साक्षीदार एकच आहे, दोन वेगवेगळ्या खोल्यांत बोलतोय. ३० हा आकडा रिव्ह्यूतल्या एकूण अभ्यासांचा; तुमच्या वाक्यामागे त्यातले किती उभे आहेत, ते वेगळं मोजायचं असतं.

आता मोठा प्रश्न: फ्लँडर्समधल्या दवाखान्यातला हा आकडा आपल्या सरकारी कॅज्युअल्टीत चालेल का? हिशेब करून बघू. समजा आपल्याकडे रात्रीच्या कॅज्युअल्टीत 'फार गंभीर वाटत नाही' अशा शंभर मुलांतली पाच प्रत्यक्षात गंभीर निघतात. पाच हा आकडा मी उदाहरणासाठी धरलाय. त्यावर २५.५ लावला तर शंका आलेल्या मुलांतली ५७ टक्के आजारी, असं उत्तर येतं. ऐकायला छान. पण लाइकलीहूड रेशो सोबत घेऊन फिरता येतो ही समजूतच इथे तुटते. फ्लँडर्समध्ये पाल चुकचुकली ती ३३६९ पैकी फक्त ४६ वेळा, म्हणजे शंभरात दीडपेक्षाही कमी. ते डॉक्टर बहुधा मुलाला, घराला ओळखणारे. आपल्याकडे पहिल्यांदाच दिसणारं मूल, बाहेर रांग, दोन महिन्यांपूर्वी एक मूल हुकल्याची आठवण ताजी. इथे निवासी डॉक्टरला गंभीर नसलेल्या दर पाचव्या मुलाबाबत खटकत असेल तर? मग गंभीर मुलांतलं एकही न हुकवता पकडलं, तरी लाइकलीहूड रेशो पाचाच्या वर जाऊ शकत नाही. शंभर भागिले वीस. शंका किती सहज येते यावर तिची किंमत ठरते, आणि ते जागेगणिक बदलतं.

खोट्या गजरांची किंमतही तशीच बदलते. एका मुलामागे २२ गजर उगाच वाजले, हा हिशेब बेल्जियममध्ये स्वस्त वाटतो: 'उद्या पुन्हा दाखवा' म्हटलं की झालं. आपल्याकडे 'उद्या पुन्हा दाखवा' म्हणजे एस.टी.चं भाडं, बुडालेली मजुरी आणि घरी ठेवलेलं दुसरं मूल. तरीही बावीस घरांना पुन्हा बोलावून एक मूल वाचत असेल तर बोलवावं, असं माझं मत. पण ते मत आहे. पेपरमधून ते आपोआप निघत नाही.

मग इतकं सगळं कापल्यावर उरतं काय? मला वाटतं, उरतं ते 'वेगळं' हा शब्द. डॉक्टरकडे थर्मामीटर आहे, ऑक्सिमीटर आहे, घड्याळ लावून श्वास मोजता येतो. पण ही सगळी यंत्रं 'आत्ता किती' एवढंच सांगतात. या बाळाचं कालचं, मागच्या तापातलं, नेहमीचं माप कोणाकडे असतं? फक्त घरच्यांकडे. आपल्याकडच्या आयएमएनसीआयच्या तक्त्यात सुरुवातच 'बाळाला काय त्रास आहे ते आईला विचारा' अशी आहे, आणि मग धोक्याची लक्षणं येतात: पिता न येणं, सगळं उलटून पडणं, झटके, सुस्ती किंवा बेशुद्धी. चांगला तक्ता आहे. पण त्यातली सुस्ती ही पाहणाऱ्याने ठरवायची सुस्ती आहे. एरवी घर डोक्यावर घेणारं मूल आज शांत बसलंय, ही सुस्ती तक्त्यात बसत नाही. बाहेरून बघणाऱ्याला ते मूल शहाणं वाटतं.

या बाबतीत गडचिरोलीकडे बघण्यासारखं आहे, आणि हे मी अभिमानापोटी म्हणत नाही. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' गटाने २००५ मध्ये नवजात बाळांमधला सेप्सिस किंवा न्यूमोनिया गावपातळीवर ओळखण्यासाठी सात साध्या खुणा मांडल्या, त्यातल्या कोणत्याही दोन दिसल्या की पुढची हालचाल करायची. त्या खुणांची भाषा बघा: दूध ओढणं कमी होणं किंवा थांबणं, हातपाय ढिले पडत जाणं. यातली क्रियापदं 'होण्याची' आहेत, 'असण्याची' नाहीत. म्हणजे खूण ठरते ती बदलावरून, आणि बदल तोच सांगू शकतो ज्याने आधीचं पाहिलंय. ती बाळं नवजात, जागा घर, तपासणारी गावातली आरोग्यसेविका. फ्लँडर्सशी किंवा शहरातल्या कॅज्युअल्टीशी थेट तुलना होणार नाही. पण तिथे बदल ही गोष्ट थेट बाळाचं पुढे काय झालं त्यासमोर ठेवून तपासली गेली. बीएमजेच्या पेपरमध्ये तीच गोष्ट आडवाटेने आली, डॉक्टरच्या शंकेमागचं एक कारण म्हणून, आणि गाजली ती डॉक्टरची शंका. आईचं वाक्य पुन्हा एकदा डॉक्टरच्या नावावर जमा झालं, असं मला राहून राहून वाटतं. ही टीका लेखकांपेक्षा वाचणाऱ्यांवर जास्त आहे.

माझ्या प्रपोजलमधलं ते वाक्य आता असं आहे: 'फ्लँडर्समधल्या एका अभ्यासात, आजार नेहमीपेक्षा वेगळा असल्याची पालकांची भावना आणि डॉक्टरांची अंतःप्रेरणा यांचा घट्ट संबंध आढळला, या भावनेचा गंभीर आजाराशी थेट संबंध आपल्याकडच्या तातडीच्या विभागात तपासायचा आहे.' लांबलचक झालं, छाप पडत नाही. मॅडम म्हणाल्या, "आता निदान खरं तरी आहे."

फॉर्ममध्येही एक ओळ वाढवली आहे: 'सोबतचं माणूस म्हणतं:' आणि पुढे रिकामी जागा, त्यांच्याच शब्दांत लिहायला. होय-नाहीचा चौकोन मुद्दाम ठेवलेला नाही. अडलंय ते ही ओळ भरायची कोणी यावर. डॉक्टरने भरली तर फ्लँडर्सचीच अडचण, त्याची शंका आणि आईचं वाक्य एकाच पेनातून येणार. त्यामुळे डॉक्टरने बघायच्या आधी, नोंदणीच्या खिडकीजवळ, सिस्टरने भरायची असं लिहिलंय. पण रात्रपाळीला सिस्टर एकच असते, आणि दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "आणखी एक ओळ?" त्यांचंही खरंच आहे. या आठवड्यात त्यांच्यासोबत दोन रात्री बसून नुसतं बघणार आहे, ही एक ओळ भरायला किती वेळ लागतो.